चांदणीतला ठिपका

बुखाऱ्यात जमिराच्या धाकट्या दिराचं लग्न निघालं होतं. घरी येणाऱ्या नवरीच्या खोलीच्या दारावर लावायला जमिरा आणि तिची धाकटी जाऊ मुनिसा, दोघींनी जाड कागदावर ठसे उमटवून, निळे जलरंग भरून, अगदी जुन्या मदरशाच्या भिंतीवर शोभतील अशा टाइल्स केल्या. मानाच्या मधल्या जागेसाठी सासूबाईंनी उचलली ती नेमकी मुनिसाची. थोरल्या जमिराचा जीव जळून कोळसा झाला. मत्सर एकदा जिभेवर येऊन बसला, की तो गप्प थोडाच राहतो!

"आयाजान, नीट बघा तरी! चांदणीतला एक ठिपकाच गळलाय. खोट असलेली वस्तू लावतं का कुणी नवरीच्या दारावर?"

मुनिसा ओशाळली. "आपा, ठसा तुमचाच घेतला होता, भाजण्याआधी नानवर नक्षी टोचायचा. म्हटलं, या घराची खूण नवरीला दारातच दिसू दे."

सासूबाईंनी जमिराने सकाळी भाजलेला नान उचलून तिच्यासमोर धरला. मधल्या चांदणीत तोच एक ठिपका नव्हता.



"सूनबाई, तुझी ही खोट आम्ही इतकी वर्षं गोड मानून खातोय."