उचललेलं बोट

एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडणाऱ्या बोगद्यापाशी सिग्नल लाल होता. पाओराने टूरची बस थांबवली. समोरच्या गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यायची, ही या डोंगरातल्या ड्रायव्हरांची रीत.

बोगद्यातून पहिली गाडी आली. काच फुटलेली, ड्रायव्हर रक्ताने माखलेला. त्याने बोट उचललं. सवयीने पाओरानेही उचललं.

"बघितलंस?" त्याने गाइड नायरीला विचारलं.

"काय? गाडी चकाचक होती. झोपलास का, म्हाताऱ्या?"

मग छत चेपलेली व्हॅन आली. पुन्हा बोट.

शेवटी बस आली. नंबर पाओराच्याच बसचा. फुटक्या काचेतून नायरी अर्धी बाहेर लोंबत होती. ड्रायव्हरला डोकं नव्हतं. बोट मात्र वर होतं.

सिग्नल हिरवा झाला.

"अरे, निघ की!" नायरी हसली.

पाओराने मूठ करकचून आवळली. मुठीतून एक बोट सावकाश सरळ झालं.