टेकू

नवल गव्हात पालथा पडला होता आणि दुर्बिणीतून त्याला फक्त गहू दिसत होता.

बंदुकीच्या नळीखालचा बायपॉड, म्हणजे तिचे दोन पाय, त्याने पुरते उघडून पाहिले. ते मुद्दामच बुटके घेतले होते. पाय जितके आखूड तितकी नळी स्थिर, हे धुळ्याच्या रायफल क्लबातलं शहाणपण. क्लबात गहू उगवत नाही. इथे चोपड्याच्या बाजूला तो कमरेला लागत होता, आणि नव्वद पावलांवर, केळीच्या बांधावर, बिबट्या बसला होता.

बिबट्यामागे वीस पावलांवर पंपाची खोली होती. तिला दार नव्हतं, नुसतं गोणपाट टांगलेलं. निंदणीला आलेल्या तीन बायका सकाळपासून आत जीव मुठीत धरून बसल्या होत्या. त्यांतली सुगंधाबाई मघाशी फोनवर कुजबुजली होती, "तो आमले दखाई ऱ्हायना," म्हणजे तो त्यांना आतून दिसत होता. त्यानंतर फोन लागत नव्हता.

बिबट्या मागची डावी मांडी चाटत होता. ती मांडी नवलनेच फोडली होती.

चौदा दिवसांपूर्वीही वनखात्याने त्याला बोलावलं होतं, आणि याच गावात एका गोठ्याच्या पत्र्यावर त्याने हाच बायपॉड मांडला होता. मातीत लोखंडी अण्या चालतात, पत्र्यावर त्यांना रबरी टोप्या लावाव्या लागतात. टोप्या खाली जीपमध्ये राहिल्या होत्या. पुन्हा शिडी कोण उतरणार, म्हणून तो अण्यांवरच भागवायला गेला. चाप ओढताना अंग पुढे रेललं, बायपॉडचे पाय पत्र्यावर सर्रकन घसरले आणि छातीची गोळी मांडीत गेली. "बिबट्या हलला," खाली येऊन तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं. पण त्याची नेमबाजीची पदकं ठाऊक असल्याने सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि अंधार पडायच्या आत तो धुळ्याला परतला.

तिसऱ्या दिवशी त्या लंगड्या बिबट्याने चारा कापणाऱ्या वच्छलाबाईला धरलं. हरिण पकडायला चार पाय लागतात, वाकलेली बाई पकडायला तीन पुरतात. नवलने ते पेपरात वाचलं. तिच्या मागे कोण आहे, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. आणि खरं काय घडलं ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

आता तो गुडघ्यांवर उठला. उभ्याने, टेकूशिवाय मारावं, तर नळी जागेवर ठरत नव्हती. जवळ झाड नाही, भिंत नाही. ट्रॅक्टर आणावा, तर त्या आवाजाने बिबट्या थेट गोणपाटाकडेच पळायचा. नुसता जखमी झाला, तरी तिकडेच. या वेळी चूक झाली तर एक नाही, तीन बायका जातील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"माझ्या खांद्यावर ठेवा साहेब," वनरक्षक हिलाल म्हणाला. बोलायला शूर गडी, पण त्याचीच पाचावर धारण बसलेली. त्याच्या खांद्यावर नळी झोळीसारखी झुलायला लागली. नवलने ती उचलून घेतली.

तेवढ्यात मागे थांबलेल्या गावकऱ्यांतून एक जण वाकत वाकत पुढे आला. पन्नाशी उलटलेला, काटक. डोकं आणि कान उपरण्यात गच्च गुंडाळलेले.

"मना खांदावर ठेवा भाऊ. मी हालाव नही."

"कान जाईल तुमचा," नवल पुटपुटला.

त्या माणसाने उपरणं कानांवर आणखी ओढलं. त्याने बिबट्याकडे तोंड केलं आणि गव्हात ताठ उभा राहिला.

बिबट्याने मान वर केली. आता तो त्या दोघांकडेच पाहत होता. नवलने मागे उभं राहून नळी त्या माणसाच्या खांद्यावर टेकवली. त्या माणसाचा श्वास बंदुकीतून थेट त्याच्या गालाला कळत होता. वर, खाली. वर, खाली. मग तो थांबला. दुर्बिणीतली फुली बिबट्याच्या छातीवर आली आणि तिथेच राहिली. इतकी स्थिर ती क्लबातल्या सिमेंटच्या ओट्यावरही कधी राहिली नव्हती. नवलने चाप ओढला.

बिबट्या बसल्या जागीच कलंडला. मग गोणपाट बाजूला झालं आणि सुगंधाबाईचं तोंड दिसलं. माणसं ओरडत बांधाकडे धावली.

तो माणूस मात्र कान दाबून खाली बसला होता. उपरणं सुटून खांद्यावर पडलं होतं. डोक्याचा ताजा गोटा केलेला होता, कानामागे वस्तऱ्याचा ओरखडा अजून लाल होता.

"यांचं कोण गेलं?" नवलने विचारलं.

हिलालने नजर खाली घातली. "भिकन आबा. वच्छलाबाईचे मालक. दहावा परवाच झाला."

नवल आबांपुढे मातीत बसला आणि चौदा दिवस दडवलेलं सगळं एका दमात बोलून गेला. टोप्या, अण्या, शिडीचा कंटाळा. "आबा, बिबट्या हलला नव्हता. मीच खोटं बोललो."

भिकन आबा त्याच्या ओठांकडे पाहत राहिले. मग बहिरा माणूस बोलतो तसे मोठ्याने म्हणाले,

"काय आयकू येत नही भाऊ. पन तो गोठा मनाच शे. पत्रावर तुमनी बंदूकना पायना दोन ओरखडा शेतस. म्हणीसन आज मी उभा राहिनू."