मोटार भरणे

नांदेडच्या कॉलेजात पूर्वीच्या अनुभवाला क्रेडिट मिळतं असं कळलं, म्हणून हदगावहून गेले. अर्जात लिहिलं: पंपाच्या जळालेल्या मोटारी चौदा वर्षांपासून भरते. पुरावा म्हणून स्वतः गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं कॉइल नेलं. विभागप्रमुखांनी ते न बघताच अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. पंख्यानं कागद उडत होते. "बाई, 'मोटार भरणे' असा विषय अभ्यासक्रमात नाही. रिवाइंडिंग आहे." "सर, तेच करून राहिले मी." "तसं लिहायचं होतं. शब्दच येत नाही, समितीनं तपासायचं काय?" त्यांनी शून्य क्रेडिट लिहून अर्ज कॉइलखाली सरकवला. मी उठले तसा त्यांचा आवाज मऊ झाला. "हदगावच्याच ना तुम्ही? आमच्या शेतातली मोटार जळालीय. सोमवारपर्यंत भरून द्याल का?" मी गठ्ठ्यावरचं कॉइल उचललं. सगळ्यात वर माझाच अर्ज होता. पहिला तोच उडाला.