अकरा दिवसांचं सोवळं

श्रीधरपंतांनी किरणोत्सर्ग मोजायचं मीटर तळमजल्यावरच्या स्कॅन सेंटरच्या दाराला टेकवलं. टिक... टिक. एवढंच. कमाल आहे! मुद्दाम मागवलेलं यंत्र आणि ऐन वेळी तोंड उघडायला तयार नाही.

"काका, इथून काही गळत नाही," सेंटरमधला सलिल म्हणाला. "बाहेर पडतात ती फक्त माणसं."

"सगळे असंच सांगतात. लोकांच्या हाडांत शिरलं, की मग चौकशी समिती नेमतात."

सलिल हसला. "काकू बऱ्या आहेत ना?"

"तिला काय धाड भरलीय?"

पंत जिना चढायला लागले. सदाशिव पेठेतल्या या इमारतीत सेंटर आलं आणि त्यांची झोप उडाली. सून अपूर्वा सातव्या महिन्यात, आणि तिची खोली नेमकी सेंटरच्या डोक्यावर. बाळाला काही झालं तर? सेंटर बंद करा म्हणून त्यांनी अर्ज लिहिला होता. दुपारी तो महापालिकेत द्यायचा होता. सगळ्या इमारतीच्या सह्या झाल्या होत्या, राहिली होती फक्त बायकोची. सोवळ्यात सही करत नाहीत, म्हणे!

आनंदीबाईंचं काय विचारता! आधी पंधरा दिवस अळणी जेवल्या. मंगळवारी देवाला जाऊन आल्या, त्या अकरा दिवसांचं सोवळं घेऊनच. ताट वेगळं, अंथरूण देवघरात. अपूर्वा जरा जवळ गेली, की बसक्या आवाजात ओरडायच्या, "लांब हो गं, शिवू नकोस!" जन्मात कधी सोवळं न पाळलेली बाई! जप करून घसा बसला तरी ऐकेना. पण येणाऱ्या नातवंडासाठीच करत असेल, म्हणून पंत गप्प बसले होते.

घरात शिरून त्यांनी आधी अपूर्वाची खोली तपासली. टिक... टिक. स्वयंपाकघरात जरा जास्त. देवघराच्या दारात मात्र मीटर ताशासारखं कडाडायला लागलं. पंत दारातूनच ओरडले.

"आनंदी, ऊठ! भिंतीतून येतंय! आधी बाहेर हो!"

आनंदीबाईंनी माळ खाली ठेवली. अंग चोरत त्या गॅलरीत गेल्या आणि अपूर्वाच्या खोलीपासून लांबच्या टोकाला उभ्या राहिल्या.

पंतांनी मीटर भिंतीला लावलं.

टिक... टिक.

त्यांनी पुन्हा लावलं. खाली, वर, देवांच्या मागे. काही नाही. मग ते मीटर हातात घेऊन गॅलरीकडे निघाले. पावलागणिक ते जास्त जास्त कडाडायला लागलं.

आनंदीबाईंनी गळ्याभोवतीचा पदर घट्ट ओढून घेतला.

"तिथंच थांबा," त्या म्हणाल्या. "आणि अहो, तो अर्ज तेवढा देऊ नका. गळ्यातल्या गाठीवर खालच्या डॉक्टरांनी या किरणांच्या औषधाचा अजून एक डोस सांगितलाय."