सरावाचा गोळा

चौथ्याने गोळा हातात तोलला, रंग सुरेख आहे म्हणाला, पाचव्याकडे सरकवला आणि बोटं हळूच पँटला पुसली. पाचव्यानेही रंगाचंच कौतुक केलं आणि बोटं टेबलाच्या कापडाला पुसली. टेबलाच्या टोकाला बसलेला लायनेल त्या बोटांकडेच बघत होता.

इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यातल्या एका गावच्या सभागृहात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हे आठ जण जमत. महायुद्धांतले सरावाचे तोफगोळे जमवायचे, हा त्यांचा छंद. आत स्फोटाची दारू नाही, नुसती वाळू. नव्या सैनिकांना शिकवण्यापुरते. कुणी नवी वस्तू आणली की ती टेबलाभोवती हातोहात फिरायची आणि प्रत्येकाने तिच्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. शंका काढायची रीत नव्हती. तीन वर्षांपूर्वी एकाने ‘नक्की वाळूच आहे ना?’ असं विचारलं होतं. त्याला कुणी वाकडं बोललं नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर मात्र तेव्हापासून सगळ्यांचे कोट असतात.

आणि आजची वस्तू तर खुद्द अध्यक्षांची. माल्टबी सार्जंट, वय त्र्याऐंशी, सैन्यात वीस वर्षं पोरांना गोळे हाताळायला शिकवलेले. गोळा उखळी तोफेचा. मूळचा रंग पार उडाला होता, म्हणून पुस्तकात बघून त्यांनी स्वतःच निळा दिला होता. निळा म्हणजे सरावाचा, हे टेबलाभोवतीच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारावं.

सहावा म्हणाला, काय रंग आहे. आणि गोळा लायनेलच्या हातात आला.

वाळू एवढी जड नसते. टोकाच्या टोपीखालून काहीतरी तपकिरी, चिकट पाझरत होतं. नव्या निळ्या रंगावर त्याचा ओघळ आला होता.

लायनेलनंतर गोळा परत सार्जंटकडे जायचा. गेलं वर्षभर त्यांचे हात असे थरथरत होते की कोटाची बटणं बायको लावून द्यायची.

“रंग छान बसलाय,” लायनेल सवयीने म्हणाला. मग म्हणाला, “सार्जंट, मी जरा वेळ धरून बसतो.”

“आवडला वाटतं?”

“जिवंत आहे हा.”

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. चहाची पाळी आज आपली, हे सहाही जणांना एकदमच आठवलं. जाता जाता त्यांनी शेजारच्या खोलीतल्या मुरंबा स्पर्धेच्या बायकांनाही बाहेर नेलं, मुरंब्यासकट. अंगणातून एकाने पोलिसांना फोन लावला आणि आधी सुट्टीच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल माफी मागितली.

सार्जंटच्या मानेपर्यंत लाली चढली. रंग मी दिलाय, आणि तू मला शिकवतोस? त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं गोळ्याच्या टोकापाशी लटपटत होती.

“दे इकडे.”

“नाही देणार.”

त्यांच्या अध्यक्षपदाच्या अकरा वर्षांत त्यांना नाही म्हणणारा लायनेल पहिलाच. सार्जंटनी पाठिंब्यासाठी मागे वळून पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. खिडकीबाहेर, अंगणापलीकडच्या बुटक्या भिंतीमागे सहा टोप्या ओळीने दिसत होत्या.

“यांना कळलं होतं?”

“सगळ्यांना.”

“आणि सगळे छान म्हणाले.”

“मीही म्हणालो.”

सार्जंटनी पुढे केलेले हात मागे घेतले. मग त्यांनी लायनेलशेजारी खुर्ची ओढली, दोन्ही तळहात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर आपलं सगळं वजन टाकून बसले. आवाज निघाला तो चाळीस वर्षांपूर्वीचा, हळू आणि खणखणीत.

“खाली ठेवू नकोस, टेबल डुगडुगतंय. कोपरं पोटाशी घे. श्वास कोंडू नकोस रे, सोड.”

लायनेलने श्वास सोडला. मनगटं जरा स्थिर झाली.

“हां. पोलिसांची माणसं येईपर्यंत असाच.”

बाहेर भिंतीवर एक कप उगवला. त्याच्या शेजारी एक हात आला. त्याने आधी एक बोट दाखवलं, मग दोन, मग पंजा उलटा करून विचारलं: साखर किती?

दोघांचेही हात गुंतलेले होते.