तिघांचा बाक

गेवराईत आमचं कापडाचं दुकान. पंच्याण्णव साली नवी मारुती घेतली आणि पहिल्याच रविवारी बायकोला, कावेरीला, पालीजवळचं जुन्या गाड्यांचं संग्रहालय दाखवायला नेलं. तिला मारुतीत मळमळतं म्हणे. एसटीत मात्र जन्म गेला तिचा.

चकचकीत मोटारी सोडून ती थेट विटांवर उभ्या केलेल्या जुन्या बसपाशी गेली आणि सवयीनं खिडकीतून आत रुमाल टाकला.

"जागा धरली," ती हसत म्हणाली.

"अगं, हिला चाकंच न्हाईत."

राखणदार विठ्ठलरावही हसले.

मी टाचा उंचावून आत डोकावलो. बस रिकामी होती. तिघांच्या बाकावर रुमाल खिडकीशी पडला होता. त्याच्या शेजारी, मधल्या जागेवर, गादी खोल दबली होती. माणूस बसल्यावर दबते तशी.

"जुनी गादी हाय, खचली असंल," विठ्ठलराव म्हणाले.

कावेरी तोवर दारातून वर चढलीसुद्धा. रिकाम्या बसमध्ये ती थट्टेनं म्हणाली, "जरा सरकून बसा की. लई दमले मी."

मधला खळगा हळूहळू भरून आला. मग बाकाच्या कडेला नवा पडला.

विठ्ठलरावांचं हसू थांबलं.

कावेरीनं पदर आवरला. कुणाच्या गुडघ्यांना लागू नये अशी तिरकी होत ती आत सरकली, रुमाल उचलून खिडकीशी बसली आणि माझ्याकडे बघून मजेत म्हणाली, "या की आत. तुमालाबी जागा झाली."