ट्रंकेचं वजन

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ट्रंक हातातून निसटली आणि पायरीवर धप्पकन आपटली. मालविका तिथंच फतकल मारून बसली. लिफ्ट बंद, खाली व्हॅनवाला खोळंबलेला, आणि अ‍ॅबर्डीनचा नवा फ्लॅट म्हणजे जेमतेम एक खोली.

ट्रंकेत तिच्या लग्नाची भांडी होती. आईनं पुण्याहून आणलेली, प्रत्येकावर नाव घातलेलं: ‘चि. मालविकाच्या विवाहाप्रीत्यर्थ’. पुढे तारखेपुरती जागा कोरी. साड्यांत इतकी घट्ट गुंडाळलेली की कधी खडखडली नाहीत. मालविका आता त्रेचाळीसची. लग्न करायचं नाही हे तिचं केव्हाच ठरलं होतं. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. म्हणून कॉव्हेंट्रीतल्या तीन घरांत तिनं हे लोढणं मुकाट्यानं वागवलं. किल्ली मात्र आईकडेच.

आवाज ऐकून खालच्या लामबाई बाहेर आल्या. हाँगकाँगहून त्या दोन बॅगा घेऊन आलेल्या. आधी ट्रंकेकडे, मग मालविकाच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “आमच्याकडे म्हणतात, फॉन्ग दाय बाऊ फूक. गाठोडं खाली ठेव. पाय आपोआप उचलतात.”

वरून आई कठडा धरून उतरत होती. मदतीला म्हणून कालच हॅरोहून आली होती.

“आई, ही मी नेणार नाही,” मालविका म्हणाली. “आणि लग्नही करणार नाही. तुला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं बोलले नाही गं.” बोलून झालं आणि तिला रडूच कोसळलं.

आईनं पर्समधून किल्ली काढून कुलूप उघडलं. आत फोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या होत्या, गच्च भरलेल्या.

“भांडी कुठायत?”

“त्याला झाली सहा वर्षं. तू स्पेनला गेलेलीस ना, तेव्हा दादाला घेऊन आले आणि सगळी मंडळाला देऊन टाकली. गणपतीतली आमटी तुझ्याच पातेल्यात होते. तू कधी फिरकतेस का तिकडे?”

मालविका रडता रडता हसत सुटली. किती वर्षांनी छाती मोकळी झाली होती.

“मग हे कशाला भरलंस, आई? पाठ गेली की माझी!”

“ट्रंक हलकी लागली असती,” आई म्हणाली, “तर तुला वाटलं असतं, आईनं तुझी आशा सोडली.”